एका बैठकीला एकच प्रश्न

प्रिय मित्रा,

परवा रात्री दीड वाजता आलेला तुझा मेसेज मी दोनदा वाचला. टेक्केन या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या किंग या पैलवानाचे थ्रो, म्हणजे पकडून आपटण्याचे डाव, तोडायला शिकायचे म्हणून तू आठवडाभर बसलास, त्या नादात टेनऱ्यू या रँकवरून खालच्या गारयूपर्यंत घसरलास आणि आता विचारतोस, "दादा, आधी रँक परत मिळवू की शिकणे चालू ठेवू?" टेक्केनवर तुझा किती जीव आहे हे मला माहीत आहे, म्हणून धीर देण्यात कागद घालवत नाही.

तुझ्या वयाचा असताना मी डोंबिवलीतल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेक्केन ३ खेळायचो. तिथे जिंकणारा बसून राहायचा, आणि हरणाऱ्याला पुन्हा खेळायचे असेल तर पुन्हा पैसे मोजावे लागायचे. खिशात दहा रुपये असलेल्या मुलाने अशा ठिकाणी काय करावे? मी एडी गॉर्डो हा गेममधला खेळाडू घेतला आणि लाथांची दोन बटणे दाबत राहिलो. त्याच्या त्या गरगर फिरणाऱ्या लाथांवर काय करायचे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे मी दोन वर्षे जिंकत राहिलो. मग एका मे महिन्यात कोणाचा तरी मावसभाऊ सुट्टीला आला. तो खाली बसून लाथ ब्लॉक करायचा, ती संपली की उठून एक कॉम्बो, म्हणजे लागोपाठ फटक्यांची माळ, मारायचा आणि पुन्हा खाली बसायचा. मी सलग नऊ मॅच हरलो. हरल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले, पण दोन वर्षे रोज खेळूनही आपल्याला साधा ब्लॉक येत नाही हे जे त्या दिवशी कळले, ते अजून सलते.

तुला हरण्याचे पैसे पडत नाहीत, खुर्चीवरून कोणी उठवत नाही, आणि तरीही तू खिशात शेवटचे दहा रुपये असल्यासारखा खेळतोस. एका बैठकीला एकच प्रश्न घे, हे मी तुला गणपतीत सांगितले होते, दिवाळीत सांगितले होते आणि आता लिहून देतो आहे.

तू पाठवलेल्या सगळ्या मॅच मी पाहिल्या. पहिल्या दोन राउंडमध्ये तू खरोखर किंगच्या हातांकडे पाहतोस. डावा हात पुढे आला तर डाव्या ठोशाचे बटण, उजवा आला तर उजव्याचे, दोन्ही आले तर दोन्ही, हे तुला पाठ आहे आणि अधूनमधून जमतेही. पण शेवटच्या राउंडला रक्त, म्हणजे तुझ्या खेळाडूची उरलेली ताकद, निम्म्यावर आले की तुझी नजर त्याच्या हातांवरून उडते आणि तू पडल्या जागेवरून उठता उठता तीच जुनी लाथ मारतोस. म्हणजे आठवडाभर तू शिकत होतास हे खरे नाही. तू पहिले दोन राउंड शिकत होतास आणि मॅच हातची जाते असे दिसले की जिंकायला धावत होतास. त्यात ना शिकणे झाले, ना जिंकणे. शिवाय त्याच आठवड्यात तू नवा कॉम्बोही बसवत होतास. एका बैठकीला एकच प्रश्न, याचा अर्थ तू नेमका काय लावलास ते मला कळत नाही.

रँक सांभाळून क्विक मॅचमध्ये, म्हणजे रँक पणाला न लावता, शिकतो, असेही तू लिहिले आहेस. माझे मत त्याच्या उलट आहे. आधीच्या टेक्केन ७ मध्ये थ्रो तोडायला २० फ्रेम मिळायच्या, सेकंदाला ६० चित्रे धरली तर सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि तेवढ्या वेळात पाहणारा डोळा काही गमावण्याची भीती असतानाच तयार होतो. मॅच संपली की रिप्ले उघड, थ्रो बसला त्या क्षणी थांबव आणि तिथून आपला खेळाडू स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा खेळ. टेक्केन ८ मध्ये ही सोय आयती आहे. आम्हाला ती असती तर आम्ही घरी गेलो नसतो. तुझ्या सवयी उचलणाऱ्या तुझ्याच घोस्टशी, म्हणजे तुझ्यासारखे खेळणाऱ्या संगणकाशीही, एकदा लढून पाहा. ती उठतानाची लाथ समोरून येताना तुला दिसली पाहिजे.

कोरियाचा नामांकित टेक्केन खेळाडू 'नी' पाकिस्तानात जाऊन तिथल्या खेळाडूंशी खेळला, तेव्हा त्याच्या नावावर कितीतरी स्पर्धा होत्या. २०१९ च्या इव्हो या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो लाहोरच्या अर्सलान ॲशकडूनच हरला, म्हणून ते जाणे फुकट गेले असे मला कोणी सांगू नये. ज्यांच्याकडे आपल्याला न येणारे काही आहे त्यांच्यापुढे आपले नाव पणाला लावून बसायला छाती लागते.

आता माझ्याबद्दल तू जे ऐकले आहेस त्याविषयी. एका छोट्या स्पर्धेत उपांत्य फेरीला माझी गाठ किंगशी पडली. मागे सरकून दुरून खेळलो असतो तर जिंकलो असतो, असे माझे मित्र आजही म्हणतात, आणि ते बरोबर असतीलही. पण तो महिना मी थ्रोचा प्रश्न घेऊन बसलो होतो, म्हणून जवळच उभा राहिलो, सातपैकी चार थ्रो तोडले आणि हरलो. त्याला हट्ट म्हणतात, म्हणोत. त्यानंतर किंग समोर आला म्हणून मला कधी मागे सरकावे लागले नाही, आणि तो निकाल बदलून मिळत असेल तरी हे मी परत देणार नाही.

रविवारी दुपारी घरी ये. मी किंग घेईन आणि तीन तास थ्रोशिवाय दुसरे काही करणार नाही. किती मॅच हरलास ते मोजायचे नाही. प्रत्येक थ्रोला कोणता हात पुढे आला होता ते मात्र मला मोठ्याने सांगायचे.

तुझा,
दादा