मैत्री भावना करताना शत्रूच आठवतो आणि राग वाढतो. काय करावं?

ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यासाठी मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतण्याचं बौद्ध ध्यान) करायला बसलात आणि डोकं आणखीच तापलं, असं तुम्ही लिहिलंय. तसंच होणार, कारण सुरुवात शत्रूपासून करायचीच नसते.

पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला (गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी त्याची देवनागरी आवृत्ती संपादित केली). त्याच्या नवव्या प्रकरणात क्रम दिलाय: आधी स्वतः, मग गुरुस्थानी असलेली व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याशी घेणं ना देणं असा कोणी, आणि शेवटी वैरी. हयात नसलेली व्यक्ती घ्यायची नाही. शारीरिक ओढ वाटते ती व्यक्तीही टाळा, कारण मैत्रीच्या नावाने आसक्ती आत शिरते. द्वेष तरी लगेच ओळखू येतो, आसक्ती येत नाही.

स्वतःपासून सुरुवात साक्षीसाठी असते: मला सुख हवं, दुःख नको, तसंच समोरच्यालाही. मनात वाक्य साधं ठेवा, 'मी वैरमुक्त असो, सुखी असो', आणि पुढे 'मी'च्या जागी ती व्यक्ती. रोज वीसेक मिनिटं पुरे. बहुतेक जण चौथी पायरी गाळतात आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होतो. सोसायटीचा वॉचमन, रोजच्या बसचा कंडक्टर असा कोणी घ्या. त्याच्याबद्दल लोभ नाही, राग नाही, म्हणून काही कारण नसताना भलं चिंतायची सवय मनाला इथेच लागते.

मग वैरी. राग उसळला की मुकाट मागच्या पायरीवर या, मन निवलं की पुन्हा जा. तरीही जमेना, तर त्याची एखादी चांगली बाजू शोधा: बोलणं विखारी असेल, पण वागणं सरळ असेल. काहीच सापडलं नाही तर करुणा करा, असं बुद्धघोष म्हणतात. आणखी एक तोडगा म्हणजे त्याचे केस, नखं, दात वेगवेगळे करून बघायचे आणि विचारायचं, राग नेमका कशावर? ऐकायला विचित्र वाटतं, पण हसू आलं तरी पकड सुटते.

शेवटचा उपाय भेटवस्तू देण्याचा. त्याच ग्रंथातली गोष्ट आहे. श्रीलंकेतल्या चित्तलपब्बत विहारात एका भिक्षूला एका थेरांनी (ज्येष्ठ भिक्षूंनी) तीनदा राहत्या जागेवरून उठवलं होतं. त्याच थेरांना त्याने आईने दिलेलं, आठ कहापणांचं (त्या काळची नाणी) भिक्षापात्र देऊन टाकलं.

मैत्री सगळ्यांवर सारखी झाली का, याची परीक्षाही कडक आहे. तुम्ही, मित्र, तिऱ्हाईत आणि वैरी एकत्र बसलात आणि डाकूंनी मारायला एक जण मागितला, तर 'मला न्या' म्हणणाराही नापास. चौघांपैकी कोणालाच द्यावंसं वाटू नये.

यासाठी कोर्टातली केस मागे घ्यायची गरज नाही. आपले पैसे परत मागण्यात द्वेष नसतो. आणि माणूस अजूनही मारहाण करत असेल तर भेटवस्तू घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. आधी सुरक्षित जागी जा, तक्रार करा. मैत्री भावना घरी बसूनही करता येते.