पीटीच्या दिवशीच पोट का दुखतं?

"मॅडम, खेळाचा क्लास लावणं परवडत नाही. पोरगी मागे पडेल का हो?" हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. यावेळी विचारणारी आई चार घरी पोळ्या करणारी, वडील रिक्षावाले. मुलगी दुसरीत. पीटीच्या दिवशी सकाळी हमखास पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. समोरच्या टॉवरमधली मुलं स्केटिंगला जातात, म्हणून हिला न्यूनगंड आला असं आईनं ठरवूनच टाकलं होतं.

मी मुलीला लंगडी घालायला लावली. दोन उड्यांतच तोंड वाकडं. बूट काढायला सांगितले, तर अंगठ्याचं नख काळंनिळं! आतेबहिणीचे जुने, पांढरे कॅनव्हासचे बूट, पुरे एक माप लहान. अनवाणी मात्र पठ्ठीनं खोलीला दोन फेऱ्या मारल्या. "मम्मीला का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "पप्पांची रिक्षा गॅरेजला आहे ना."

सात वर्षांच्या मुलांना घरातला हिशेब कळतो. आपल्याला वाटतं त्याहून बराच.

क्लासचं म्हणाल तर, या वयात रोज सरासरी 60 मिनिटं चांगली धावपळ व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती लगोरीत होते, दोरीच्या उड्यांतही होते. त्याला फी लागत नाही. जागा लागते, आणि लक्ष ठेवणारं मोठं माणूस. खरी अडचण तिथेच आहे. यांच्या बोळात दुचाक्या लावलेल्या, आई संध्याकाळी कामावर, आणि "पोरीची जात, मैदानात कशाला?" म्हणणारी आजी.

शाळेवर तरी किती भिस्त ठेवायची? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात मैदान आणि खेळाचं साहित्य आहे, पण शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन शिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, तीही पट शंभरावर असेल तर. धाकट्यांची पीटी वर्गशिक्षिकेच्या गळ्यात. गणित मागे पडलं की पहिला बळी याच तासाचा. बाईंना तरी काय बोलणार!

नवे बूट आले, तोवर बाईंनी चपलेवर खेळू दिलं. पोटदुखी थांबली. आजीला मात्र मी दोनदा बोलावून घेतलं. आता संध्याकाळी तीच ओट्यावर बसते आणि गल्लीतल्या पाच-सहा पोरांवर नजर ठेवते. दुचाक्या हलवायला लावायचं कामही तिनंच अंगावर घेतलंय, आणि त्यावरून रोज भांडते.