वाचक विचारतात : गावाला बोअर द्यायचा की दुसरं काही?

प्रश्न : नमस्कार, मी कोपरखैरणेला राहतो. वडील माथाडी होते, सगळं आयुष्य वाशी मार्केटला गेलं. मूळ गाव साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात. इकडच्या गाववाल्यांनी मंडळातर्फे चार लाख जमवलेत, गावाच्या पाण्यासाठी. निम्मे म्हणतायत दोन बोअर मारून देऊ, निम्मे म्हणतायत प्लॅस्टिकचं शेततळं करू. तुमचं मत काय?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दादा, पैसे जमवलेत हे फार चांगलं केलंत, पण ते बोअरमध्ये घालू नका, हे मी स्पष्टच सांगते. आपल्याकडचा खडक काळा कातळ, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. नव्या बोअरला जे पाणी लागतं ते बऱ्याचदा शेजारच्या विहिरीचंच असतं, म्हणजे गावाचं पाणी वाढत नाही, ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे जातं एवढंच. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे, तरी गावोगाव बोअरच्या गाड्या पाचशे फुटांपर्यंत जातायत आणि उन्हाळ्यात टँकर येतोच आहे.

शेततळ्याचंही नीट बघा. ओढ्याला वाहून जाणारं पावसाचं पाणी त्यात येणार असेल तर ठीक. पण विहिरीतून उपसून प्लॅस्टिकवर साठवायचं आणि उन्हात उडू द्यायचं, हे डाळिंबवाल्या एक-दोघांना परवडतं, बाकीच्यांच्या विहिरी मात्र लवकर आटतात.

मग करायचं काय? हिशोब बघा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. तिकडे पाऊस ठाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा जेमतेम, पण ४५० मिलिमीटर धरला तरी हेक्टरी ४५ लाख लिटर झालं, आणि त्यातलं कितीतरी दोन-चार मोठ्या सरींत माती घेऊन निघून जातं. ते डोंगरावरच मुरवायचं. काम माथ्यापासून सुरू करायचं, आधी सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर, मग खाली शेतांची बांधबंदिस्ती, ओढ्यातलं काम शेवटी. चराची ओळ आखायला महाग काही लागत नाही, दोन काठ्या वर बांधून मध्ये एक आडवी काठी, वरून दोरीला दगड सोडायचा, दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, पुढे सरकायचं. चर एका पातळीत असेल तर पाणी त्यात थांबतं आणि मुरतं, ओळ चुकली तर एका टोकाला जमून बांध फोडतं, म्हणून आखणीला माणूस जाणता पाहिजे. मजुरी रोजगार हमीतून निघते का ते ग्रामपंचायतीत आधी विचारा, तुमचे पैसे आखणीला, बियाण्याला, मशीनच्या डिझेलला ठेवा.

पण एक सांगू, खरा प्रश्न पाणी मुरल्यानंतर सुरू होतो. ते कोणाचं? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले, तिथे कामं तर झालीच, पण गाव टिकलं ते नियमांवर. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर ठरला, माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, आणि भूमिहीनालाही हक्क. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नाहीतर तुमच्या चार लाखांनी फक्त ओढ्याकाठच्या बागाईतदाराची विहीर भरेल.

म्हणून पैसे द्यायच्या आधी ग्रामसभेत ठराव मागा, कोणती पिकं नाहीत, बोअर कुठे नाही, चराई कुठे बंद. आणि चराईबंदी अख्ख्या डोंगराला एकदम लावायला सांगू नका. मेंढरंवाल्यांचं आणि दोन-चार शेरडं पाळणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे. एक बाजू बंद, दुसरी उघडी, बंद बाजूचं गवत कापून न्यायची मुभा, असं त्यांना बसवून, त्यांच्या तोंडून ठरू द्या.

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या काहीजणींनी मंगळवेढ्याकडून थेट ज्वारी आणायचं ठरवलंय. त्याने शेतकऱ्याला खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पडतो ताई, पण पद्धत बरोबर पाहिजे. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या ज्वारीलाच लावता येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती येते, वर कडबा मिळतो तो जनावरांना. तरी लोक ज्वारी सोडतायत, कारण काढणी हाताने, मजूर मिळत नाही आणि भावाची खात्री नाही. तेव्हा पेरणीच्या वेळीच किती पोती घेणार ते कळवा, थोडी उचल द्या, बाकी पैसे मळणी झाली की लगेच, आणि भाव हमीभावाच्या खाली नको. पहिल्या वर्षी घासाघीस अजिबात करू नका. ठाण्याच्या पावसाळी हवेत धान्याला किडे लवकर होतात, म्हणून मार्चला आलेली ज्वारी गच्चीवर दोन ऊनं दाखवून भरा, किंवा निम्मी पोती शेतकऱ्याकडेच ठेवून दिवाळीनंतर मागवा, साठवणीचे पैसे वेगळे धरून.