विष तेच, यीस्ट तेच. मग साखर बदलताच सहनशक्ती का बदलते?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रात्यक्षिकात आम्ही पावासाठी वापरतात ते यीस्ट दोन प्रकारच्या अगर प्लेटवर (सूक्ष्मजीव वाढवण्याच्या घट्ट माध्यमाच्या बशीवर) पसरले. एकीत २ टक्के ग्लुकोज होते, दुसरीत २ टक्के सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर. आणि दोन्हींत दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम टू-डीऑक्सिग्लुकोज मिसळले होते. ग्लुकोजवर वसाहती भरपूर आल्या, सुक्रोजवर जवळजवळ नाहीतच. असे का व्हावे? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमचा प्रयोग बिघडलेला नाही, उलट तो फार बोलका आहे. टू-डीऑक्सिग्लुकोज म्हणजे दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन नसलेले ग्लुकोज. पेशीला हा फरक प्रवेशद्वारावर कळत नाही. ग्लुकोजला आत घेणारी वाहक प्रथिने त्यालाही आत घेतात आणि हेक्सोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडते. पण पुढच्या पायरीला तो दुसरा ऑक्सिजन लागत असल्याने रेणू तिथेच अडकतो, पेशीचे ऊर्जा पुरवणारे एटीपी व्यर्थ खर्च होते आणि पेशीभित्तिका बांधण्याचे कामही विस्कळित होते.

तुमच्या ग्लुकोजच्या प्लेटवर वजनाने पाहिले तर विषाच्या शंभरपट खरी साखर आहे. वाहक प्रथिने आणि हेक्सोकायनेज दोन्ही तीच असल्यामुळे खरी साखर त्या जागा अडवून धरते आणि विषाच्या वाट्याला फार थोडे येते. मात्रा बरीच वाढवली, तर ग्लुकोजवरही वाढ मंदावते.

सुक्रोजवर ही स्पर्धा मुळातच दुबळी असते, कारण यीस्टला सुक्रोज पेशीबाहेर इन्व्हर्टेज या विकराने फोडावे लागते आणि तेव्हाच ग्लुकोज व फ्रुक्टोज हाती येते. परंतु माझ्या मते निर्णायक कारण वेगळे आहे. इन्व्हर्टेज पुरेसे तयार व्हायचे, तर एसएनएफ-१ नावाचे प्रथिन जागे असावे लागते. ग्लुकोज विपुल असताना ते शांत असते, आणि ग्लुकोज घटले की जागे होऊन एमआयजी-१ या इन्व्हर्टेजचे जनुक दडपणाऱ्या प्रथिनाला बाजूला सारते. टू-डीऑक्सिग्लुकोज पेशीला ‘ग्लुकोज भरपूर आहे’ असा खोटा संदेश देते. एसएनएफ-१ निष्क्रिय होते, इन्व्हर्टेजचे जनुक बंद राहते, आणि समोर सुक्रोज असूनही पेशी उपाशी राहते. रॅफिनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांवरही याच कारणाने यीस्ट अधिक संवेदनशील ठरते. याच प्रथिनाच्या अधीन डीओजी-२ हे जनुकही आहे, जे अडकलेल्या रेणूवरील फॉस्फेट काढून टाकणारे विकर बनवते. म्हणजे खोटा संदेश मिळताच पेशी आपले एक संरक्षणही गमावते.

हीच गोष्ट माणसाच्या शरीरात पेट स्कॅनच्या वेळी उपयोगी पडते. त्यात फ्लोरिन जोडलेले किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोज देतात, ते फॉस्फेट जोडले जाऊन पेशीत अडकते, आणि रक्तातली साखर त्याच्याशी स्पर्धा करू नये म्हणून रुग्णाला आधी काही तास उपाशी ठेवतात. २०२१ च्या मे महिन्यात भारतात कोविडवरील पूरक उपचार म्हणून आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळालेले टू-डीजी हे औषधही हेच रसायन आहे. मात्र यीस्टच्या प्लेटवरून त्या औषधाच्या परिणामकारकतेचा निष्कर्ष काढू नये.

सुक्रोजची प्लेट लगेच टाकून देऊ नका. काही दिवसांनी तिच्यावर तुरळक वसाहती दिसल्या, तर त्या बहुधा उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेल्या असतात: त्यांच्यात हेक्सोकायनेज-२ बिघडलेले असते किंवा एसएनएफ-१ ला शांत करणारे आरईजी-१ हे प्रथिन नाहीसे झालेले असते. त्या वसाहती तशाच नव्या सुक्रोजच्या प्लेटवर पुन्हा रेघून पाहा आणि शेजारी मूळ यीस्टही रेघा. कोणतीही मात्रा नोंदवताना मात्र माध्यमातील साखर कोणती व किती, हे तिच्याजवळच लिहा, कारण त्याशिवाय २०० मायक्रोग्रॅम या आकड्याला अर्थ उरत नाही.