पतपेढीची नोकरी आणि एलएलबी

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहते, वय ४२. कोपरखैरण्याच्या एका पतपेढीत वसुलीचं काम बघते. बारावीनंतर लग्न झालं, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, ५१ टक्के मिळाले. मला तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळेल का? एक ओळखीचे म्हणतात, ‘हजेरीचं आपण बघू, तुम्ही फक्त परीक्षेला या.’ नोकरी न सोडता अधूनमधून केसेस चालवाव्यात असा विचार आहे.

उत्तर : प्रवेशाची काळजी सोडा. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, तुमचे त्याहून जास्त आहेत. वय आड येत नाही. मुक्त विद्यापीठाच्या पदवीवरून कुणी घाबरवलं तर मनावर घेऊ नका. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलचा आक्षेप शालेय पात्रता नसताना थेट पदवी घेतलेल्यांना आहे, तुम्ही रीतसर बारावी झालेल्या आहात. राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी ही प्रवेश परीक्षा द्या. पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

पण त्या ओळखीच्यांचं अजिबात ऐकू नका. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांगितली आहे. पत्राने किंवा घरबसल्या केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी, न जाता तुम्ही काय गमवाल ते सांगते.

अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे असतात. त्यातल्या मूट कोर्टच्या (सरावासाठीच्या नकली खटल्यांच्या) पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून बघायचे आणि त्यांची नोंदवही लिहायची. शिवाय तीन वर्षांत किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप. ठाण्याच्या कोर्टात आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी चेक न वटल्याच्या खटल्याची उलटतपासणी आवर्जून बघायला लावते. तुम्ही अशा चेकसाठी कलम १३८ च्या नोटिसा पाठवत असालच. चेक परतल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, हे तुम्हाला पाठ असेल. पण ‘पोचपावतीवरची ही सही कुणाची?’ असं समोरच्या वकिलाने विचारल्यावर पतपेढीचा साक्षीदार कसा गडबडतो, आणि आपला वकील फेरतपासणीत ते कसं सावरतो, हे बाकावर बसूनच कळतं. गाइड वाचून मला तरी ते कधीच कळलं नसतं. वसुलीच्या कामातून आलेली बाई हे बाकीच्या मुलांपेक्षा लवकर टिपेल, याची मला खात्री आहे. म्हणूनच तुम्ही वर्गात आणि कोर्टात असायला हव्यात असं मनापासून वाटतं.

आता नोकरीचं. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ तसं स्पष्ट सांगतो. सनद घेतलीत की पतपेढी सोडावी लागेल, अधूनमधून केसेस हा मार्ग नाही. सनदेच्या नोंदणीला खुल्या गटासाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. तिथे बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्यांच्या मूळ मजकुराची पुस्तकं, सोबत नेता येतात, मात्र त्यांवर टिपा लिहिलेल्या चालत नाहीत. पुस्तकं घेताना भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम घ्या, ते १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. जुन्या दंडसंहितेचे खटले अजून बरीच वर्षं चालतील, तेव्हा तीही टाकून देऊ नका.

तीन वर्षं नोकरी कशी जमेल ते आधी ठरवा. तासिका सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या दरम्यानच घेता येतात, त्यामुळे सकाळचं सत्र असलेलं कॉलेज ठाणे-वाशी लाइनवर शोधा आणि पतपेढीत दुपारची पाळी मागा. नोकरी करत असल्याचं कॉलेजला लपवू नका. बार कौन्सिलच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार ते जाहीर करावं लागतं आणि मालकाचं ना-हरकत पत्रही लागतं. ते पत्र पतपेढीच्या सचिवांकडून लेखी घ्या आणि मगच कॉलेजांचे पसंतीक्रम भरा.