कर्णबधिर घड्याळजी टिकटिक कशी तपासत असतील?

आपल्या आजोळी कर्णबधिर घड्याळजींचे एक घराणे होऊन गेले असे सांगून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: ऐकू येत नसताना ही माणसे घड्याळाची टिकटिक कशी तपासत असतील, आणि एकाच घरात इतके जण कर्णबधिर कसे. मी सोलापुरात घड्याळे दुरुस्त करतो आणि हे काम एका कर्णबधिर कारागिराच्या शेजारी बसून शिकलो आहे, त्यामुळे पहिले उत्तर माझ्या डोळ्यांसमोरचे आहे.

लंबकाच्या घड्याळात चाकाचा दाता अँकरवर, म्हणजे लंबकाबरोबर हलत चाकाचा एकेक दाता सोडणाऱ्या तुकड्यावर, आपटतो तो आवाज म्हणजे टिकटिक. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नसेल तर घड्याळ लंगडते आणि थोड्या वेळाने बंद पडते. ऐकू येणारा कारागीर हे कानाने ओळखतो. माझे गुरू लंबकाच्या टोकामागे कागदाची पट्टी लावत, लंबक स्थिर असताना पेन्सिलीने मधली रेघ ओढत, मग लंबक बोटाने अगदी सावकाश डावीकडे नेत आणि दाता सुटला की तिथेच थांबून दुसरी रेघ ओढत, उजवीकडेही तसेच. दाता सुटल्याचे त्यांना पेटीला टेकवलेल्या डाव्या हाताच्या नखातून समजे. मधल्या रेघेपासून दोन्ही रेघा सारख्या अंतरावर येईपर्यंत ते अँकरकडून लंबकाला ढकल देणारी तार कणाकणाने वाकवत. माझ्या कानाने ‘ठीक’ म्हटलेली घड्याळे त्यांच्या कागदाने मला पुन्हा उघडायला लावली, आणि असे एकदा नव्हे, अनेकदा घडले.

टोल्यांचेही तसेच आहे. तासांचे टोले बारा तासांत एकूण ७८ पडतात, आणि पुष्कळ जुन्या घड्याळांत त्यांची मोजणी एका खाचांच्या चाकावर ठरते. ती खाच आणि उचलला जाणारा हातोडा दोन्ही दिसतात. घड्याळ पुढे जाते की मागे पडते, हे तर कोणीच कानाने तपासत नाही. ते दुसऱ्या अचूक घड्याळाशी ताडून पाहावे लागते. सेकंदाला एक झोका घेणारा सुमारे ९९.४ सेंटिमीटरचा लंबक एक मिलिमीटर आखूड केला, तर घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद पुढे जाते, आणि हा फरक लंबकाखालची चकती फिरवून साधायचा असतो.

आमच्या गावापुरते आणखी एक सांगतो. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी सोलापूरची दिनचर्या भोंग्यावर बांधली गेली. ज्याला भोंगा ऐकू येत नाही, त्याच्या घरात बरोबर चालणारे घड्याळ ही चैन नव्हती.

आता घराण्याविषयी. जन्मजात बहिरेपणाची अनेक कारणे आनुवंशिक असतात. त्यांतल्या पुष्कळ प्रकारांत आईवडील दोघांनाही ऐकू येते, पण दोघांकडे एकाच जनुकातील दोष असल्यास प्रत्येक अपत्य कर्णबधिर होण्याची शक्यता चारात एक असते; नात्यात लग्ने होत असतील तर असा योग अधिक वेळा येतो. दोघेही त्याच जनुकामुळे कर्णबधिर असतील, तर सर्व मुले कर्णबधिर जन्मतात. मग त्या घरात हातांची भाषा हीच मातृभाषा होते, आणि बापाचे हात पाहत पाहतच मूल धंदाही शिकते. कर्णबधिरांच्या शिक्षणावर १८८० मध्ये मिलानला भरलेल्या परिषदेने शाळांतून खुणांच्या भाषेला बाजूला सारण्याचा ठराव केला, तो मला या घरांवरचा मोठा अन्याय वाटतो.

शोध घ्यायचा असेल, तर जुन्या कागदांत ‘मुका’, ‘मुके’ अशा शब्दांकडेही लक्ष ठेवा. तो शब्द मला मुळीच मान्य नाही, कारण माझे गुरू दिवसभर बोलत असत, पण नोंदी करणारे तोच लिहीत. त्याहून आधी गावातल्या वाड्यांमधली भिंतीवरची घड्याळे पाहा. दुरुस्ती करणारे कारागीर पेटीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने, किंवा मागच्या पितळी पत्र्यावर टोकदार हत्याराने, तारीख आणि आपली खूण कोरून ठेवत. तो पत्रा खोलताना शेजारी जाणता घड्याळजी असू द्या, आणि खूण पुसली जाण्याआधी तिचा फोटो घ्या.