शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली नवी फाइल लगेच का दिसत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, सहकाऱ्याने कार्यालयातील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल ठेवल्यानंतरही ती आपल्या विंडोज १० संगणकावर दिसत नाही, पुसून टाकलेली फाइल मात्र यादीत तशीच राहते, आणि यासाठी सर्व्हर बदलावा लागेल का. सर्व्हर बदलण्याची वेळ बहुधा येणार नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या एका कारखान्याचे संगणक मी सांभाळतो. हाच त्रास आम्हीही बराच काळ सोसला असल्यामुळे शोध कोणत्या क्रमाने घ्यावा ते सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम एक छोटी चाचणी घ्यावी. सहकाऱ्याला फोल्डरमध्ये नवी फाइल ठेवायला सांगावे आणि ती दिसली नाही की लगेच एफ५ ही कळ दाबावी. फाइल तत्काळ दिसली, तर फक्त बदलाची सूचना आपल्या एक्सप्लोररपर्यंत, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमपर्यंत, पोहोचली नव्हती असे समजावे. एफ५ दाबूनही ती दिसली नाही, पण दहा-बारा सेकंद थांबून पुन्हा एफ५ दाबल्यावर दिसली, तर आपला संगणक सर्व्हरला न विचारता स्वतःजवळ जपून ठेवलेली जुनी यादी दाखवत होता. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून ही चाचणी न घेता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करत सुटू नये, असे मी कळकळीने सांगेन.

जुनी यादी दिसण्याचे कारण एसएमबी या प्रोटोकॉलच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइली शेअर करण्याच्या नियमावलीच्या, विंडोजमधील रचनेत आहे. दर वेळी सर्व्हरकडे हेलपाटा पडू नये म्हणून एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून विंडोज तीन प्रकारची माहिती थोडा वेळ स्वतःजवळ ठेवते. फोल्डरमधील यादीची मुदत, म्हणजे डिरेक्टरीकॅशलाइफटाइम, मुळात १० सेकंद असते. फाइलच्या आकार-तारखेची मुदत, म्हणजे फाइलइन्फोकॅशलाइफटाइम, तीही १० सेकंद. आणि ‘अशी फाइल नाही’ या उत्तराची मुदत, म्हणजे फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम, ५ सेकंद.

आमच्याकडे सर्वांत जास्त घोळ या तिसऱ्या मुदतीने घातला. जॅकार्ड मागाशेजारच्या (नक्षी विणणाऱ्या मागाशेजारच्या) संगणकावरचा माणूस नक्षीची फाइल येण्याआधीच ती नावाने उघडू पाहायचा, त्याला ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळायचे, आणि पुढच्या क्षणी फाइल प्रत्यक्षात आली तरी त्याचा संगणक तेच उत्तर देत राहायचा. मग नक्षीकार तीच फाइल निराळ्या नावाने पुन्हा ठेवायचा, आणि एका नक्षीच्या दोन-तीन प्रती साचायच्या. एकदा काठाची दुरुस्ती न झालेली प्रत मागावर चढली आणि विणून झालेले टॉवेल बाजूला काढावे लागले. पाच सेकंदांच्या मुदतीमुळे एवढे नुकसान होऊ शकते, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

उपाय सर्व्हरवर नव्हे, तर आपल्या संगणकावर करायचा आहे. पॉवरशेल ही विंडोजमधील आज्ञा लिहिण्याची खिडकी प्रशासक म्हणून उघडून गेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन या आज्ञेने सध्याच्या मुदती पाहाव्यात आणि सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन या आज्ञेने, वरील नावे वापरून, त्या बदलाव्यात. ही नावे मी येथे देवनागरीत दिली असली तरी संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागतील. मूळ आकडे आधी कागदावर टिपून ठेवावेत. तिन्ही मुदती शून्य केल्या तर प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी सर्व्हरला विचारावे लागते, आणि हजारो फाइलींचे फोल्डर वायफायवरून उघडताना ते चांगलेच जाणवते. म्हणून आम्ही फक्त मागाशेजारच्या संगणकावर तिसरी मुदत शून्य आणि यादीची मुदत २ सेकंद केली. बाकी संगणकांना हात लावला नाही.

आता एफ५ दाबताच फाइल दिसत असेल, तर शोध सूचनेचा घ्यावा. एक्सप्लोरर सर्व्हरला ‘या फोल्डरमध्ये काही बदलले तर कळव’ असे सांगून ठेवतो. आपल्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, एक्सप्लोररच्या पॉलिसींमध्ये, नोरिमोटचेंजनोटिफाय हे मूल्य १ असेल तर ही विनंतीच होत नाही; ते शून्य करावे. सर्व्हर लिनक्सवरील सांबाचा (विंडोज संगणकांना फोल्डर शेअर करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) असेल, तर त्यातील कर्नल चेंज नोटिफाय हा पर्याय चालू आहे ना ते पाहावे, कारण तो बंद असताना, स्कॅनरने एफटीपी या फाइली पाठवण्याच्या वेगळ्या मार्गाने टाकलेल्या किंवा सर्व्हरवरच कॉपी केलेल्या फाइलींची खबर सांबाला लागत नाही.

फाइल तासन्‌तास दिसतच नसेल, तर ऑफलाइन फाइल्स ही सोय चालू आहे का ते सिंक सेंटरमध्ये तपासावे. तसे असल्यास आपण सर्व्हरवरील फोल्डर नव्हे, तर त्याची आपल्या संगणकावरील प्रत पाहत असण्याची शक्यता आहे.

चाचणी घेताना आणखी एक काळजी घ्यावी. यादी बदलाच्या तारखेनुसार लावलेली असेल, तर कॉपी करून आणलेली फाइल आपली जुनीच तारीख घेऊन येते आणि यादीत खूप खाली जाऊन बसते. ती आलेली असूनही आली नाही असे वाटते. म्हणून सहकाऱ्याला जुनी फाइल कॉपी करायला न सांगता, त्याच फोल्डरमध्ये उजवे क्लिक करून एक नवी, रिकामी टेक्स्ट फाइल तयार करायला सांगावे.